नेव्हिलला काय काय येतं

नेव्हिल ऑर्मरॉडला चहा करायला शिकवण्यात माझं एक वर्ष आणि चार महिने गेले. त्याच्याबरोबरची दोन-तीन मंडळी महिन्याभरात शिकून मोकळी झाली, पण नेव्हिलचं शिकणंच वेगळं होतं. हळूहळू, पुन्हा पुन्हा, एकेक पायरी. आणि एकदा बसलं की ते कायमचं. किटलीत पाणी कुठवर भरायचं, चहाची पुडी कपात किती वेळ ठेवायची, दूध किती, यात पुढच्या तेवीस वर्षांत त्याची एकदाही चूक झाली नाही.

आमचं डे सेंटर, म्हणजे मदत लागणाऱ्या मोठ्या माणसांनी दिवसभर येऊन राहायची जागा, इंग्लंडातल्या एल्मरशॉमध्ये कालव्याच्या कडेला होतं. पूर्वी तिथे बालवाडी भरायची, त्यामुळे कोट अडकवायच्या खुंट्या कमरेएवढ्या उंचीवर होत्या आणि हात धुवायला मोठ्या माणसांना वाकावं लागायचं. नेव्हिल सहा फुटांच्या वर. रोज सकाळी तो वाकून कोट अडकवायचा, टाय सारखा करायचा आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. सेंटरात येणारी एकतीस माणसं होती, शिवाय आम्ही, आणि कुणाला कसा चहा लागतो हे त्याला तोंडपाठ होतं. आमच्या व्यवस्थापकाला, बर्नार्डला, दोन चमचे साखर. एखाद्या दिवशी बर्नार्ड वरच्या ऑफिसातून बोलणी खाऊन आला की नेव्हिल भरल्या खोलीत मोठ्यांदा विचारायचा, "बर्नार्ड, आज तोंड पाडून बसलायस. तीन घालू?"

जन्मतःच त्याची समज कमी होती. वडील लवकर गेले. आई फिलिस. चिमणीएवढी बाई, आयुष्यभर सपातांच्या कारखान्यात मशीनवर शिवण मारलेली. मी तिला कायम मिसेस ऑर्मरॉडच म्हणत आले, आणि तिनेही कधी 'फिलिस म्हण' असं सांगितलं नाही. ती मला फाटकात गाठून म्हणायची, "हा घरी येऊन सांगतो, सगळ्यांना चहा मीच दिला, टेबलं मीच पुसली, कपबशा मीच धुतल्या. मग पगार कोण घेतं, तू?"

आता त्याला काय येत नव्हतं तेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. नेव्हिलला सगळं यायचं. फक्त एखादी गोष्ट जागची हलली की काहीच यायचं नाही. एकदा फिलिस दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. नेव्हिलने स्वतःसाठी चहा करायला घेतला, फ्रिज उघडला, आणि दूध संपलेलं. ती परत आली तेव्हा तो फ्रिजचं दार धरून तसाच उभा. पायाशी पाण्याचं थारोळं. दीड तास झाला होता. दुसऱ्यांदा, रस्ता खणला म्हणून चौसष्ट नंबरची बस दुसरीकडून वळली. त्याचा स्टॉप आलाच नाही, म्हणून तो उतरलाच नाही. संध्याकाळी डेपोत ड्रायव्हर शेवटची फेरी मारून गाडी बंद करायला लागला, तेव्हा मागच्या सीटवर टाय लावलेला एक माणूस सरळ पुढे बघत बसलेला त्याला दिसला.

प्रमाणपत्रांची कल्पना बर्नार्डची. वरच्या लोकांना प्रगती दिसायला हवी होती. मग कुणाला काही नवीन आलं की आम्ही छापील प्रमाणपत्र द्यायचो, लॅमिनेट करून. 'चहा करता येतो.' 'बसने एकट्याने प्रवास करता येतो.' 'टोस्ट व बीन्स करता येतात.' खाली माझी सही. नेव्हिलची चौदा झाली. फिलिसने ती पुढच्या खोलीत उबेच्या गॅस-शेगडीवरच्या भिंतीवर ओळीने लावली. दरवर्षी मी त्याचा अहवाल लिहायचे, त्यातही तेच असायचं: स्वतंत्रपणे करतो, स्वतंत्रपणे जातो. 'काही हललं नाही तर' असं लिहायला त्या चौकटीत जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला अभिमान वाटायचा. 

दोन हजार दहाच्या हिवाळ्यात कौन्सिलची, म्हणजे आमच्या नगरपालिकेची, पत्रं आली. मदत लागणाऱ्या माणसांच्या चार पायऱ्या आधीपासूनच होत्या: कमी, मध्यम, जास्त आणि गंभीर. आतापर्यंत मध्यमपासून वरच्या सगळ्यांना मदत मिळायची. आता एप्रिलपासून फक्त जास्त आणि गंभीर. लंडनहून पैसा कमी आलाय, आमचे हात बांधलेत, असं लिहिलं होतं. पण ठरवण्याआधी लोकांचं मत घ्यायचं, म्हणून सोबत प्रश्नावली होती.

पहिला प्रश्न होता, 'ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांना आधी मदत मिळावी, हे तुम्हाला पटतं का?'

सेंटरात मी एकेकाजवळ बसून ती भरून घेत होते. नेव्हिलला प्रश्न वाचून दाखवला.

"पटतं," तो म्हणाला. "डोरीनला द्या. तिची खुर्ची चाकांची आहे." आणि त्याने जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून, 'हो'वर खूण केली.

फिलिसनेही 'हो' केलं होतं. "नाही म्हणायला तोंड आहे का कुणाला?" ती म्हणाली. "तू काय केलंस?"

मीही 'हो'च केलं होतं. जानेवारीत ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर सभा झाली, तेव्हा आम्हाला सांगितलं की शंभरातल्या नव्वदांना नवा नियम मान्य आहे.

फेब्रुवारीत, नेव्हिलची पायरी ठरवायला, कौन्सिलची बाई पाहणीला आली. जिलियन ब्रेथवेट तिचं नाव. पन्नाशीची, सर्दीने नाक लाल झालेली, काखेत जाडजूड फाइल. फिलिसने मला बोलावून घेतलं होतं. नेव्हिलने सकाळपासून तयारी केली होती. जिलियन बसते न बसते तोच त्याने विचारलं, साखर किती. आणि पाच मिनिटांत ट्रे घेऊन आला, बशीत बिस्किटं लावून. ती चहा पिताना तो समोर उभा राहून बघत होता.

"मस्त झालाय," जिलियन म्हणाली.

"प्रमाणपत्र आहे," नेव्हिल म्हणाला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "वरच्या ओळीत पहिलं."

तिने सगळी चौदा वाचली. वाचताना तिचा चेहरा जरा उतरला, मला तेव्हा कळलं नाही का ते.

"नेव्हिल, कपडे स्वतः घालतोस?"

"घालतो. टायसुद्धा. ही गाठ बाबांनी शिकवली."

"आंघोळ?"

"मंगळवार, गुरुवार, शनिवार. शनिवारी डोकं."

"जेवायला काही करता येतं?"

"टोस्टवर बीन्स. टोस्टवर चीज. टोस्टवर अंडं. सॉसेज नाही. सॉसेज आई करते. सॉसेज फुटतं."

"आणि बाहेर? एकटा जातोस?"

"चौसष्ट नंबर. नऊ पाचची. तुम्हाला यायचं तर मी घेऊन जातो."

जिलियन हसली आणि लिहीत राहिली. मग तिने फिलिसला विचारलं, "मिसेस ऑर्मरॉड, एखाद्या दिवशी काही जमलं नाही, असं होतं का?"

फिलिसने नेव्हिलकडे पाहिलं. तो रिकामा ट्रे छातीशी धरून उभा होता. आपल्याबद्दल काही चांगलं ऐकायला मिळणार म्हणून वाट बघणाऱ्या माणसासारखा. सत्तेचाळीस वर्षांत तिने त्याच्या तोंडावर त्याला काय येत नाही हे कधी म्हटलं नव्हतं. "तो गुणी आहे," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. मी फ्रिजची गोष्ट सांगितली.

"दूध संपलं होतं," नेव्हिल म्हणाला. "माझी चूक नव्हती."

"नव्हतीच रे."

"मग सांगतेस कशाला?"

 बसचं सांगायचं होतं, ते मी गिळलं.

"आणि तुम्ही घरी नसता तेव्हा, मिसेस ऑर्मरॉड?"

"मी घरीच असते," फिलिस म्हणाली. "मी कुठे जाणार?"

जिलियनचं पेन क्षणभर थांबलं. मग तिने तेही लिहिलं.

मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. बाहेर बारीक बर्फ भुरभुरत होतं. ती गाडीची किल्ली शोधत म्हणाली, "त्यांचं ते शेवटचं वाक्य मला ऐकायला नको होतं. घरात बघणारं कुणी आहे म्हटलं की पायरी खाली येते. तुम्ही एक करा, त्याला जे येत नाही ते मला लेखी द्या. मी जोडते."

मी दोन पानं लिहिली. फ्रिज, बस, दारावर आलेल्या अनोळखी माणसाला त्याने छपराच्या दुरुस्तीसाठी घरात घेतलं ती गोष्ट, सगळं. तीन आठवड्यांनी निकाल आला. मध्यम. त्यात माझ्या पत्राचाही उल्लेख होता: सदर पत्रातील मजकूर त्याच व्यक्तीने सोळा वर्षे लिहिलेल्या अहवालांशी जुळत नाही.

मी तो कागद घेऊन बर्नार्डकडे गेले.

"लिनेट," तो म्हणाला, "तूच लिहिलंस ना दरवर्षी, स्वतंत्रपणे करतो म्हणून? आता काय सांगायचं, तू खोटं लिहीत होतीस?"

"तू सांगितलंस तसं लिहिलं."

"मी सगळ्यांनाच सांगितलं होतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. टेबलावर तसे बावीस कागद पडले होते.

नेव्हिलला मात्र निकालाचं पत्र आवडलं. त्याला जमेल तेवढं त्याने मोठ्याने वाचलं. पहिलंच वाक्य होतं, 'आपण आपली दैनंदिन कामे स्वतंत्रपणे करू शकता, असे आढळून आले आहे.' त्याने आईकडे पाहिलं. "पास झालो?"

"हो रे," फिलिस म्हणाली. "झालास."

दुसऱ्या दिवशी तो ते पत्र घेऊन सेंटरात आला आणि माझ्यापुढे धरलं. लॅमिनेट करून हवं होतं. मी यंत्र सुरू केलं, गरम व्हायची वाट पाहिली आणि करून दिलं.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी बावीस जणांचा शेवटचा दिवस होता. नेव्हिलने नेहमीसारखा सगळ्यांना चहा दिला आणि प्रत्येकाला सांगितलं, "मी पास झालोय. म्हणून चाललोय." काहींनी टाळ्या वाजवल्या. डोरीनला कळलं. तिने त्याची बाही धरली आणि सोडेना. तो म्हणाला, "अगं सोड, चहा सांडेल."

सोमवारी नऊ पाचच्या चौसष्टने तो आला. कोट अडकवला, टाय सारखा केला, स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. बर्नार्डला त्याला समजावून बाहेर न्यावं लागलं. विम्याचा प्रश्न होता. यादीत नाव नसलेला माणूस आत राहिला आणि काही झालं तर सेंटर बंद पडलं असतं. नेव्हिलने सगळं ऐकून घेतलं आणि बाहेरच्या बुटक्या भिंतीवर जाऊन बसला. दुपारी तीनला उठून बस पकडून घरी गेला. मंगळवारी पुन्हा तेच, बुधवारी पुन्हा तेच. मी त्याला बाहेर चहा नेऊन द्यायचे. त्याला ते रुचायचं नाही. "तू नको आणू," तो म्हणायचा, "मी आणतो." असे अडीच आठवडे गेले. मग बर्नार्डला वरून चिठ्ठी आली आणि त्याने फिलिसला फोन केला. त्यानंतर ती त्याला सकाळी बाजारात फिरवायला न्यायला लागली. तिचे गुडघे गेलेले. दोघं फळवाल्याच्या बाकावर बसून राहायची. शेजारून कुणी गेलं की नेव्हिल विचारायचा, "साखर किती?"

फेरतपासणी मागायचा हक्क होता. फिलिसने अर्ज केला. जूनमध्ये एका रविवारी मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात बसवलं आणि दार लोटलं.

"लिनेट, तुझं तो ऐकतो," ती म्हणाली. "तूच शिकव त्याला."

"काय शिकवू?"

"येत नाही म्हणायला."

मी नाही म्हणायला हवं होतं, असं आता वाटतं. पण मे महिन्यापासून तो आई बसवेल तिथे बसून होता. वजन वाढलं होतं. घरातल्या सगळ्या कपबशा काढून टेबलावर मांडायचा आणि परत ठेवायचा. मी म्हटलं, बघू या.

पाच रविवार लागले. मी किटली पुढे ठेवून विचारायचे, "चहा करता येतो?"

"येतो."

"तसं नाही म्हणायचं. म्हण, मदत लागते."

"पण येतो."

"मला माहीत आहे येतो. पण त्या बाईंना सांगायचं नाही."

"खोटं बोलू?"

"खोटं नाही रे. म्हणजे…" यापुढे माझं वाक्य कधी पुरं झालं नाही. सिंकपाशी पाठमोरी उभी असलेली फिलिस न वळताच म्हणायची, "नेव्हिल, लिनेट सांगते तसं म्हण, राजा."

"मदत लागते," नेव्हिल म्हणायचा.

"टोस्ट?"

"मदत लागते."

"बस?"

"चौसष्ट नंबर." मग माझ्याकडे बघून, "मदत लागते."

मी त्याला आयुष्यात जे जे शिकवलं त्यात हे सगळ्यांत लवकर जमलं.

जिलियन जुलैत आली. आदल्या दिवशी फिलिसने भिंतीवरची सगळी प्रमाणपत्रं उतरवून पलंगाखाली सरकवली होती. भिंतीला रंग द्यायचाय, असं नेव्हिलला सांगितलं होतं. जिथे ती होती तिथे भिंतीला चिकटवलेल्या कागदाचा मूळ रंग चौदा चौकोनांत उजळ दिसत होता. नेव्हिलला तिने टाय लावू दिला नव्हता. शर्टाचं वरचं बटणही उघडं. पंचवीस वर्षांत मी पहिल्यांदा त्याचा गळा पाहिला.

या वेळी चहा फिलिसने केला. तो खुर्चीत बसला होता, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून.

"कपडे स्वतः घालतोस, नेव्हिल?"

"मदत लागते."

"आंघोळ?"

"मदत लागते."

"जेवायला काही करतोस?"

"मदत लागते."

जिलियनने पेन खाली ठेवलं. "फेब्रुवारीत तू मला चहा दिला होतास," ती हळू म्हणाली. "चांगला झाला होता."

नेव्हिलने माझ्याकडे पाहिलं. मी गालिच्याकडे बघत राहिले. 

"मदत लागते," तो म्हणाला.

तिने भिंतीवरच्या चौकोनांकडे एकदा पाहिलं आणि लिहायला घेतलं. या वेळी मी दारापर्यंत गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी जे ऐकलं ते लिहिलंय." माझ्या नजरेला नजर दिली नाही, आणि मला तेच बरं वाटलं.

आत आले तर नेव्हिल अजून तसाच बसला होता. "बरोबर आलं का सगळं?" त्याने विचारलं.

"बरोबर आलं," मी म्हटलं.

ऑगस्टमध्ये फिलिसचा फोन आला. जास्त. त्याची पायरी वर गेली होती. आम्ही दोघी फोनवर काही वेळ नुसत्याच हसत होतो. ती म्हणाली, सोमवारपासून पाठवते, टायला इस्त्री करून ठेवते.

पण कुठे पाठवणार? एकतीसमधून बावीस गेले, राहिले नऊ. नऊ माणसांसाठी एवढी इमारत, एवढी माणसं ठेवायची कशाला, असा वर विचार झाला आणि सप्टेंबरअखेर सेंटर बंद करायचं ठरलं. नवीन कुणाला घेणं आधीच थांबलं होतं, आणि नियमाने नेव्हिल आता नवीन होता. बर्नार्डने लवकर निवृत्ती घेतली. मला एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. बटाटे सोलायचे, तीनशे पोरांचे.

नेव्हिलला त्याच्या पायरीप्रमाणे मदत मिळाली. सोमवार ते शुक्रवार, दुपारी बारा ते साडेबारा, खाजगी संस्थेची मदतनीस घरी यायची. तिच्या हातात त्याचा आराखडा असायचा, जिलियनने ऐकून लिहिलेल्या उत्तरांवरून केलेला. कपडे: मदत लागते. जेवण: मदत लागते. किटली: धोका, वापरू देऊ नये. मदतनीस आठवड्याला वेगळी, आणि प्रत्येकीला पुढच्या घरी पोचायची घाई. बिचाऱ्या वाईट नव्हत्या. नेव्हिल ओट्याकडे गेला की त्या म्हणायच्या, "तू बस हं. भाजेल. मी करते." सँडविच कापायच्या, चहा पुढे ठेवायच्या, वहीत लिहायच्या आणि जायच्या. साखर नेहमी चुकलेली.

एकदा शाळेला सुट्टी होती, तेव्हा मी त्यांच्या घरी होते. नेव्हिलने सवयीने किटली उचलली आणि त्या दिवशीची पोरगी घाईने आली, त्याच्या हातातून काढून घेतली. मी बोलायला तोंड उघडलं. फिलिसने टेबलाखालून माझं मनगट धरलं, एवढ्या जोराने की तिची नखं रुतली.

पोरगी गेल्यावर ती म्हणाली, "बोलू नकोस. आहे तेवढंही जाईल."

"पण मिसेस ऑर्मरॉड, अशाने तो विसरेल."

"विसरला नाही तर ते काढून घेतील," ती म्हणाली. "मग तूच सांग."

मी रात्रंदिवस त्यावर विचार केला असं म्हटलं तर खोटं होईल. बटाट्यांतून वेळ मिळेल तेव्हा करायचे. कुणाला विचारावं, तर ज्याला विचारू तो लिहून घेणारा. जिलियनला फोन करून खरं सांगितलं असतं, तर तिला ते नोंदवावं लागलं असतं. वर्तमानपत्रात पत्र लिहायला बसले, नाव न घालता, आणि दोन ओळींनंतर लक्षात आलं की आमच्या गावात नाव न घालताही सगळ्यांना कळेल.

मदतनीस नसते त्या रविवारी मी मुद्दाम जायचे आणि त्याच्याकडून चहा करून घ्यायचे. पहिल्या वर्षी तो करायचा, पण आधी दाराकडे बघून. दुसऱ्या वर्षी मला त्याला आठवण करून द्यावी लागायची, की आता पुडी. एका रविवारी मी म्हटलं, "नेव्हिल, मला चहा देतोस?" तो माझ्याकडे पाहून अगदी साधेपणाने म्हणाला, "मदत लागते." चिडून नाही, थट्टेने नाही. मी किटली भरून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती सुरू केली, कप घेतला, आणि पाणी उकळायला लागल्यावर दोन पावलं मागे सरकून खुर्चीवर जाऊन बसला. कुणी बस म्हणण्याआधीच. मी स्वतः चहा केला. आम्ही तिघांनी प्यायला.

टाय त्याने पुढे मागितला नाही. बसनेही तो एकटा जात नाही. चौसष्ट नंबर आता बंदच झाली आहे.

गेल्या मार्चमध्ये फिलिसने मला बोलावलं. ती ब्याऐंशीची झाली होती. उजव्या डोळ्याने दिसत नव्हतं, आणि तिने हे कौन्सिलला कळवलं नव्हतं, कारण कळवल्यावर काय होईल हे तिला माहीत नव्हतं. टेबलावर एक लांब पाकीट होतं. मी वाचून दाखवलं. आता साऱ्या देशाला एकच नियम होणार होता. त्या चार पायऱ्या गेल्या, जास्त नाही, मध्यम नाही. नवे शब्द, नवा कागद, आणि आधी मदत मिळणाऱ्या सगळ्यांची नव्याने पाहणी. माणसाच्या बळावर भर दिला जाईल, असं एक वाक्य होतं. दुसऱ्या एका ठिकाणी म्हटलं होतं की एखादी गोष्ट न जमल्याचा माणसाच्या कल्याणावर ठळक परिणाम होत असेल तर विचार केला जाईल.

फिलिसने मला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे या वेळी काय म्हणायचं?" तिने विचारलं. "येतं म्हणायचं की येत नाही म्हणायचं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "विचारते."

जिलियनचा माझ्याकडे असलेला नंबर आता दुसऱ्याच खात्यात लागत होता. तिथल्या मुलाने सांगितलं की त्या नावाचं कुणी नाही. दुसरा नंबर दिला, त्यावर वीस मिनिटं संगीत वाजलं आणि फोन तुटला.

पुढच्या खोलीत नेव्हिल टीव्हीसमोर बसला होता, स्नूकर लागलं होतं. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. बावन्न वर्षांचा माणूस, केस बरेच पांढरे. मी त्याला म्हटलं, "नेव्हिल, गुरुवारी एक बाई किंवा बुवा येणार आहे. काही प्रश्न विचारतील."

त्याने टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, "काय म्हणू?"

स्वयंपाकघरातून फिलिसनेही तेच विचारलं. पत्रात गुरुवारची वेळ साडेदहाची दिली होती. मी उठून तिच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, तिला दिसेल असं, आणि खाली माझंही नाव घातलं, मी येणार म्हणून.